इंजिनात बदल केल्यानंतर स्पोर्ट्स कारमधील विद्युत बिघाड कसा शोधावा

मोठा टर्बो, जादा प्रवाहाचे इंजेक्टर, नवा इंधनपंप किंवा बदललेला एक्झॉस्ट बसवून गाडी गॅरेजबाहेर पडते, पहिले काही दिवस उत्तम धावते आणि मग चेक लाइट पेटणे, वेगात झटके बसणे, सकाळी सेल्फ न लागणे अशा तक्रारी सुरू होतात. यांत्रिक काम चोख झालेले असतानाही असे घडते, कारण इंजिन उतरवताना आणि पुन्हा बसवताना अनेक कपलर, म्हणजे तारांच्या प्लगसारख्या जोडण्या, सुटतात व जोडले जातात, अर्थच्या, म्हणजे वीज बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या, पट्ट्या निघतात, वायरिंगचा मार्ग बदलतो आणि मूळ रचनेत गृहीत न धरलेला भार त्याच जुन्या तारांवर येतो. म्हणून शोधाची दिशा सुरुवातीलाच ठरवून घ्यावी: जिथे हात लागला आहे तिथे आधी पाहावे, वीज आणि अर्थ तपासल्याशिवाय सेन्सरवर संशय घेऊ नये आणि वीज व अर्थच्या जोडण्यांचे मोजमाप भार चालू असताना घ्यावे.

खानदेशातील मालकाची अडचण थोडी वेगळी आहे. असे काम बहुधा पुणे, मुंबई, नाशिक किंवा सुरत येथे करून घेतले जाते आणि बिघाड मात्र भुसावळला किंवा शिरपूरला उभा राहतो. मग ट्यूनर, म्हणजे बदलांनुसार इंजिनाची सेटिंग करणारा, फोनवरून अंदाजाने ‘कॉइल बदला’, ‘ऑक्सिजन सेन्सर बदला’ असे सांगतो, मालक एकेक महाग भाग मागवत जातो आणि शेवटी कारण एखाद्या सैल थिंबलमध्ये, म्हणजे तारेच्या टोकावरील धातूच्या कडीत, सापडते. गावातील ऑटो इलेक्ट्रिशियन ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, गाडीला हात लावायला कचरत असेल, तरी त्याला कमी लेखू नये. ट्रक आणि ट्रॅक्टरवर काम केलेल्या माणसाला जाड केबल, अर्थ आणि सेल्फ यांची जी जाण असते, तिचा या कामात सर्वांत जास्त उपयोग होतो.

पुढील पद्धत १२ व्होल्टच्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. पोलो जीटीआय, ऑक्टाव्हिया व्हीआरएस किंवा अबार्थ पुंटो यांसारखी टर्बो गाडी असो की परदेशी बनावटीची दोन दारांची स्पोर्ट्स कार असो, तत्त्वे तीच राहतात. मात्र त्या विशिष्ट मॉडेलचा वायरिंगचा नकाशा आधी मिळवावा, कारण तारांचे रंग आणि पिनचे क्रमांक मॉडेलगणिक बदलतात.

काम सुरू करण्यापूर्वी

साधने फार लागत नाहीत. चांगला डिजिटल मल्टिमीटर, डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर, गाडीच्या निदान-सॉकेटला लावून दोषांचे कोड व चालू माहिती दाखवणारा ओबीडी स्कॅनर आणि एलईडीचा टेस्टर एवढे पुरेसे आहे. साध्या बल्बचा टेस्टर ईसीयूच्या तारांना लावू नये. तो इतका करंट ओढतो की आतील नाजूक परिपथ जळू शकतो.

बॅटरी काढताना ऋण टर्मिनल आधी काढावे आणि बसवताना शेवटी बसवावे. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना मीटर लावू नये. सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांत इंजेक्टरला क्षणभर सुमारे ६५ व्होल्ट दिले जातात, म्हणून त्या तारांना टेस्टर किंवा जंप वायर लावण्याचा प्रयोग करू नये. जुन्या डायनॅमोच्या काळातील एक सवय अजूनही टिकून आहे, ती म्हणजे चालू इंजिनात बॅटरीचे टर्मिनल काढून चार्जिंग होते का ते पाहणे. आजच्या गाडीत त्या क्षणी उठणारा व्होल्टेजचा उसळा ईसीयू आणि अल्टरनेटर दोन्ही निकामी करू शकतो, त्यामुळे कोणी तसे करू लागल्यास स्पष्ट नकार द्यावा. उन्हाळ्यात हे काम पहाटे किंवा संध्याकाळी करावे. वैशाखातील दुपारी जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांजवळ असताना बोनेटखाली धड हातही घालता येत नाही आणि घाईने घेतलेले मोजमाप विश्वासाचे राहत नाही.

पहिली पायरी: कामाची यादी आणि कोड

गॅरेजकडून झालेल्या कामाची लेखी यादी घ्यावी आणि प्रत्येक कामापुढे त्या जागेजवळून जाणारी वायर व तिथला कपलर लिहावा. डाउनपाइप, म्हणजे टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप, बदलला असेल तर ऑक्सिजन सेन्सरची तार, क्लच किंवा फ्लायव्हील बदलले असेल तर क्रँकशाफ्टचे फिरणे मोजणारा क्रँक सेन्सर व गिअरबॉक्सचा अर्थ, इंटरकूलर बसवला असेल तर हवेच्या दाबाचा व तापमानाचा सेन्सर, अशी ही यादी तयार होते. बिघाड नेमका कधी होतो हेही लिहावे: थंड इंजिनावर की गरम झाल्यावर, किती आरपीएमला, एसी चालू असताना की बंद असताना, पावसात की कोरड्यात. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की शोधाचा अर्धा परिसर आपोआप गळून जातो.

त्यानंतर, बॅटरी काढण्यापूर्वी, स्कॅनर लावून सर्व कोड आणि त्यांच्यासोबतचे फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणीचे आरपीएम, तापमान आणि इतर आकडे, उतरवून घ्यावेत. बॅटरी निघाली की अनेक गाड्यांत ही माहिती पुसली जाते, शिवाय थ्रॉटलचे शिकलेले स्थान हरवल्याने आयडलिंग वरखाली होऊ लागते आणि नसलेला दोष शोधण्यात वेळ जातो.

कोड वाचताना एक पथ्य पाळावे. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या परिपथात दोष. सेन्सर खराब आहे असा त्याचा अर्थ होत नाही, कारण त्या परिपथात तार, कपलर, अर्थ आणि ईसीयू हे सगळे येतात. एकाच वेळी परस्परांशी संबंध नसलेले पाच-सात कोड दिसले तर ते सर्व भाग एकदम बिघडले असण्याची शक्यता नगण्य असते. अशा वेळी समाईक वीजपुरवठा, समाईक अर्थ किंवा सेन्सरना दिली जाणारी ५ व्होल्टची समाईक तार यांकडे वळावे. पी०५६२ हा कमी व्होल्टेजचा कोड यादीत असेल तर बाकीचे कोड तूर्त बाजूला ठेवावेत.

दुसरी पायरी: बॅटरी आणि चार्जिंग

गाडी काही तास उभी राहिल्यानंतर बॅटरीचे व्होल्टेज मोजावे. १२.६ किंवा त्याहून थोडे अधिक असल्यास ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी असते आणि १२ च्या खाली असल्यास आधी चार्ज करून मगच पुढे जावे. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत.

इथे आपल्या हवामानाचा विचार करावा लागतो. अल्टरनेटरचा रेग्युलेटर तापमान वाढले की व्होल्टेज मुद्दाम कमी करतो, त्यामुळे मे महिन्यात मुक्ताईनगरपर्यंत जाऊन आलेल्या गाडीवर १३.५ दिसले म्हणून लगेच अल्टरनेटर उघडू नये. काही नव्या गाड्यांत ईसीयूच गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो आणि १२.५ ते १५ पर्यंतचे आकडे दिसू शकतात. अशा गाडीत हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर चालू करून व्होल्टेज टिकते का ते पाहणे हीच खरी कसोटी होय.

तिसरी पायरी: अर्थ

इंजिन उतरवलेल्या गाडीत सर्वाधिक वेळ इथे द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजिन रबरी माउंटवर बसते आणि रबर वीज वाहून नेत नाही. त्यामुळे इंजिन व बॉडी यांना जोडणारी जाळीदार पट्टी बसवायची राहिली किंवा तिचा बोल्ट रंगावर आवळला गेला, तर सेल्फचा दीडशे-दोनशे अँपिअरचा प्रवाह मिळेल त्या वाटेने, म्हणजे सेन्सरचा बारीक अर्थ, गिअरची केबल किंवा एसीचा पाइप यांतून परत जाऊ पाहतो. लक्षणे विचित्र असतात: इंडिकेटर लावला की तापमानाचा काटा हलतो, फॅन सुरू झाला की आयडलिंग बदलते, सेल्फ जड फिरतो आणि स्कॅनरवर रोज वेगळा कोड दिसतो. इंजिनाचा ब्लॉक आणि बोनेटखालचा भाग हौसेने नव्याने रंगवला असेल तर हा संशय दुप्पट करावा, कारण पावडर कोटिंगचा थर उत्तम विद्युतरोधक असतो.

नवखा माणूस अर्थ तपासताना मीटर ओहमवर ठेवतो, बीप ऐकतो आणि समाधानी होतो. ही तपासणी फसवी आहे. जाड केबलचे बहुतेक धागे तुटून मोजके शिल्लक असले, तरी मीटर शून्याजवळच दाखवतो, कारण मोजताना त्यातून जाणारा करंट अत्यल्प असतो. उलट ०.०१ ओहमचा अडथळा साध्या मीटरला दिसतही नाही. पण सेल्फचे १५० अँपिअर त्यातून गेले की तिथेच दीड व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून भार चालू असताना त्या जोडणीच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजावे. जोडणी निर्दोष असेल तर हा फरक जवळजवळ शून्य असतो.

कृती अशी आहे. इंधनपंपाचा फ्यूज काढून गाडी सुरू होणार नाही अशी व्यवस्था करावी, मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर प्रत्यक्ष शिशाच्या खुंटावर, आणि दुसरे इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर टेकवावे व सहकाऱ्याला काही सेकंद सेल्फ मारण्यास सांगावे. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आल्यास अर्थचा मार्ग सदोष आहे. मग दुसरे टोक एकेक टप्पा बॅटरीकडे सरकवत यावे: ब्लॉक, पट्टीचे थिंबल, बॉडीवरचा बोल्ट, बॅटरीचा क्लॅम्प. ज्या दोन टप्प्यांच्या दरम्यान आकडा एकदम घसरतो, तीच दोषी जोडणी. यानंतर फ्यूज परत बसवून इंजिन चालू करावे आणि सर्व दिवे, फॅन व ब्लोअर चालू ठेवून बॉडी व ऋण खुंट यांमधील फरक पाहावा, तो ०.१ व्होल्टच्या आत असावा. शेवटी ईसीयूच्या अर्थ पिनच्या मागील बाजूने बारीक प्रोब घालून तेच करावे. तिथे ०.०५ व्होल्टच्या वर गेलेला आकडा मी मान्य करत नाही, कारण सेन्सरचे सगळे मोजमाप त्या अर्थाला शून्य मानून केले जाते.

दोषी जागा सापडल्यावर बोल्ट काढून रंग उघड्या धातूपर्यंत खरवडावा, दातेरी वॉशर टाकून आवळावे आणि नंतर वरून पेट्रोलियम जेली लावावी, म्हणजे पावसाळ्यात गंज चढत नाही. शंका असल्यास ब्लॉकपासून थेट बॅटरीच्या ऋण टर्मिनलपर्यंत एक जादा जाड केबल टाकण्यास हरकत नाही. ज्या सेन्सरचा अर्थ त्याच्या आट्यांतूनच मिळतो, उदाहरणार्थ एका तारेचा तेलदाबाचा स्विच, त्यावर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळल्यास तिथेही अडथळा येऊ शकतो.

चौथी पायरी: वीजपुरवठा, फ्यूज आणि नवा इंधनपंप

हीच व्होल्टेज-घटीची पद्धत धन बाजूलाही लागू पडते. सेल्फ मारताना बॅटरीच्या धन खुंटापासून सेल्फच्या मोठ्या टर्मिनलपर्यंत ०.५ व्होल्टपेक्षा अधिक घट नसावी.

ताकद वाढवलेल्या गाडीत या बाजूचा हमखास गुन्हेगार म्हणजे इंधनपंप. मूळ तार आणि फ्यूज मूळ पंपासाठी निवडलेले असतात. त्याजागी जादा प्रवाहाचा पंप बसवला की तो कधी १२ ते १५ अँपिअरपर्यंत ओढतो. बोनेटपासून मागच्या सीटखालील टाकीपर्यंतच्या जुन्या वायरिंगमध्ये आणि कपलरमध्ये मिळून अवघा ०.१ ओहम अडथळा असला, तरी १५ अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच संपतात. पंपाला कमी व्होल्टेज मिळते, त्याचा प्रवाह घटतो, पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या पूर्ण दाबावर, मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि स्कॅनर इंधनाचा दाब कमी असल्याचा किंवा मिश्रण पातळ असल्याचा कोड दाखवतो. मालक इंजेक्टर साफ करून घेतो, फिल्टर बदलतो, पंपावरून भांडतो. तारेकडे कोणी पाहत नाही. पातळ मिश्रणावर जोरात चालवलेले इंजिन पिस्टन वितळवू शकते, म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नये.

पंप चालू असताना त्याच्या कपलरवर आणि बॅटरीवर एकाच वेळी व्होल्टेज मोजावे. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त असल्यास बॅटरीपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तार आणावी, बॅटरीलगत फ्यूज व त्यापुढे रिले बसवावा आणि पंपाची मूळ तार फक्त रिलेची कॉइल चालवण्यास वापरावी. चार पिनांच्या प्रचलित रिलेत ३० व ८७ या मुख्य प्रवाहाच्या आणि ८५ व ८६ या कॉइलच्या पिना असतात. ज्या गाड्यांत पंपाचा वेग वेगळ्या मॉड्यूलने (इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने) नियंत्रित होतो, तिथे पंपाच्या कपलरवरील साध्या मीटरचा आकडा सरासरी असतो. तेथे मॉड्यूलला येणारे व्होल्टेज आणि अर्थ तपासावा आणि रिलेचा हा उपाय ट्यूनरला विचारल्याशिवाय करू नये.

फ्यूज तारेचे संरक्षण करतो, उपकरणाचे नव्हे. १५ अँपिअरचा निळा फ्यूज उडतो म्हणून तिथे ३० चा हिरवा खोचणे किंवा चंदेरी कागद गुंडाळणे म्हणजे तारेलाच फ्यूज करणे होय. फ्यूज वारंवार उडत असेल तर क्लॅम्प मीटरने त्या तारेचा करंट पाहावा. तो सतत जास्त असल्यास भार मोठा आहे. खड्ड्यात किंवा वळणावरच उडत असल्यास तार कुठेतरी घासून बॉडीला टेकते आहे. नव्या मोठ्या रेडिएटर फॅनचा सुरुवातीचा झटका त्याच्या चालू करंटच्या कितीतरी पट असतो, हेही रिले निवडताना लक्षात घ्यावे.

पाचवी पायरी: सेन्सर आणि इंजेक्टर

वीज व अर्थ निर्दोष ठरल्यावरच सेन्सरकडे यावे. बहुतेक सेन्सरना ईसीयू ५ व्होल्टचा समाईक पुरवठा देतो, आणि त्यांतील एक जरी आतून शॉर्ट झाला किंवा त्याची तार सोलवटून बॉडीला लागली, तरी बाकीचे सगळे खोटे आकडे देऊ लागतात. चावी चालू व इंजिन बंद ठेवून ही तार मोजावी. ५ ऐवजी एक-दोन व्होल्ट दिसल्यास त्या पुरवठ्यावरील सेन्सरचे कपलर एकेक करून काढावेत. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात तो सेन्सर दोषी. सर्व काढूनही आले नाहीत तर दोष तारेत किंवा ईसीयूत आहे.

स्कॅनरची चालू माहिती इथे फार कामाची आहे. रात्रभर उभ्या गाडीत पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. उणे ४० अंश दिसल्यास परिपथ तुटला आहे किंवा कपलर सुटला आहे. १३० अंशांच्या वर स्थिर आकडा असल्यास तार शॉर्ट आहे. धुळ्याच्या ऐन थंडीतही उणे ४० ही नोंद शक्य नाही, त्यामुळे हा आकडा ओळखणे सोपे जाते.

मॅप सेन्सरने, म्हणजे इनटेकमधील हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरने, इंजिन बंद असताना स्थानिक वातावरणाचा दाब दाखवायला हवा. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २०० मीटर उंचीवर असल्याने तिथे सुमारे ९९ किलोपास्कल अपेक्षित आहेत. तोरणमाळसारख्या साडेअकराशे मीटरच्या जवळपास उंचीच्या ठिकाणी तोच सेन्सर ८८ च्या आसपास दाखवेल आणि ते बरोबर असेल. जळगावातच ६० किंवा १४० दिसत असल्यास बहुधा वेगळ्या क्षमतेचा सेन्सर बसवून ईसीयूमधील त्याचे मोजमाप बदलायचे राहिले आहे. हा दोष तारांमध्ये सापडणार नाही. त्यासाठी ट्यूनरकडेच जावे लागेल.

एकसारख्या दिसणाऱ्या कपलरची अदलाबदल ही या प्रकारातील सर्वांत साधी आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारी चूक आहे. इनटेक आणि एक्झॉस्ट कॅमचे सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा व नंतरचा ऑक्सिजन सेन्सर, शेजारशेजारचे इंजेक्टर यांचे कपलर परस्परांत बसू शकतात. यासाठी नकाशातील तारेचे रंग प्रत्येक कपलरशी ताडून पाहावेत.

इनटेकमध्ये फवारणाऱ्या इंजेक्टरचा अडथळा ओहमवर मोजावा. मूळ इंजेक्टर बहुधा १२ ते १६ ओहमचे असतात आणि सुमारे १ अँपिअर ओढतात. जुन्या पद्धतीचे २ ते ३ ओहमचे मोठे इंजेक्टर त्याच ईसीयूला थेट जोडले तर चार-पाच अँपिअरची मागणी होते आणि ईसीयूतील ड्रायव्हर जळतो.

सहावी पायरी: इग्निशन आणि क्रँकचा संकेत

एकाच सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे मिश्रण नीट न पेटणे, असल्यास कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर बसवून पाहावी. कोड पी०३०१ वरून पी०३०३ वर सरकला, म्हणजे कॉइलसोबत दोषही पहिल्याकडून तिसऱ्याकडे गेला, तर कॉइल खराब आहे. जागेवरच राहिला तर प्लग, तार किंवा इंजेक्टर तपासावा. बूस्ट वाढवल्यानंतर दाबाखालील हवेत ठिणगी पडणे अवघड होते, म्हणून फक्त पूर्ण जोरावर येणारा मिसफायर बऱ्याचदा प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटरवर आणल्याने थांबतो; नेमका आकडा ट्यूनरकडून घ्यावा.

ठरावीक आरपीएमच्या वर इंजिन अचानक तुटक चालू लागणे आणि टॅकोमीटरचा काटा उड्या मारणे हे क्रँक सेन्सरच्या संकेतात व्यत्यय येत असल्याचे लक्षण मानावे. काम करताना त्याची तार कॉइलच्या किंवा अल्टरनेटरच्या केबलसोबत एकाच पट्ट्याने बांधली गेली असेल, तर ती वेगळी करावी आणि जिथे ओलांडावीच लागेल तिथे काटकोनात ओलांडावी. संरक्षक जाळी असलेल्या तारेची जाळी एकाच टोकाला अर्थ करावी. दोन तारांच्या चुंबकीय सेन्सरमध्ये तारा उलट लागल्यास इंजिन सुरू होणे कठीण होते किंवा टायमिंग चुकते. हलके फ्लायव्हील बसवले असल्यास त्यावरील दात मूळ रचनेप्रमाणे आहेत ना, हे वायरिंग उघडण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

कॅन नेटवर्कबद्दल, म्हणजे गाडीतील मॉड्यूल ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यांबद्दल, थोडक्यात. मॉड्यूलशी संपर्क तुटल्याचे ‘यू’ने सुरू होणारे कोड असतील तर बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या ६ व १४ क्रमांकाच्या पिनांमधील अडथळा मोजावा. दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रोध समांतर असल्याने ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसल्यास एक टोक तुटले आहे. मध्ये गेटवे, म्हणजे नेटवर्कच्या शाखा जोडणारा मॉड्यूल, असलेल्या गाड्यांत ही मोजणी फक्त निदानाच्या शाखेपुरती असते. याच्यापुढचे काम ऑसिलोस्कोप असलेल्याकडे सोपवावे.

कधी होणारा, कधी न होणारा बिघाड

सकाळी ठीक आणि दुपारी बंद, ही तक्रार आपल्याकडे विशेष आढळते. तांब्याचा अडथळा दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे २५ अंशांवरची तार ८५ अंशांवर गेली की तो जवळजवळ २३ टक्क्यांनी वाढतो. जी तार किंवा जोडणी सकाळी कशीबशी पुरत होती, ती दुपारी कमी पडते. साधे पीव्हीसी आवरण टर्बो व डाउनपाइपजवळ टिकत नाही. अशा तारा दूर सरकवाव्यात आणि जे दूर नेता येत नाही त्यावर ग्लासफायबर व सिलिकॉनची नळी चढवावी.

इंजिन गरम व आयडलिंगवर असताना वायरिंगचा एकेक भाग हलक्या हाताने हलवावा आणि सहकाऱ्याने स्कॅनरवर नजर ठेवावी. ज्या क्षणी आकडा उडी मारतो तेव्हा हातात असलेला भाग सोलून पाहावा. पंखा आणि पट्टे यांपासून बाही दूर ठेवावी. बदल करताना गाडी अनेक आठवडे शेडमध्ये उघडी उभी होती आणि शेजारी मका किंवा कापूस साठवलेला होता, तर उंदरांनी कुरतडलेल्या तारा हे कारण अगदी संभवनीय आहे. टाकीजवळच्या आणि बोनेटच्या कोपऱ्यातील वायरिंग टॉर्च लावून पाहावे.

रात्रभरात बॅटरी उतरत असेल तर नव्याने बसवलेले बूस्ट गेज, अँप्लिफायर किंवा कॅमेरा थेट बॅटरीवर जोडला आहे का ते पाहावे. गाडी लॉक करून अर्धा तास थांबल्यावर करंट ५० मिलिअँपिअरच्या आत यावा. ३०० मिलिअँपिअरची गळती रोज ७.२ अँपिअर-तास खाते, म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन-चार दिवसांत निम्म्यावर येते. फ्यूज काढून पाहिल्यास झोपी गेलेले मॉड्यूल जागे होतात. त्याऐवजी फ्यूजच्या डोक्यावरील दोन उघड्या ठिपक्यांमधील मिलिव्होल्ट मोजावेत. ज्या फ्यूजवर आकडा दिसतो, त्याच परिपथातून करंट जात आहे.

दुरुस्ती, आणि त्यानंतर

तारा पिळून काळी टेप गुंडाळणे ही दुरुस्ती खानदेशच्या उन्हाळ्यात टिकत नाही. टेपचा चिकटपणा वितळून सगळे सुटते. योग्य मापाचे क्रिंप, योग्य क्रिंपिंग पक्कड आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी वापरावी. इंजिनावर कंप होत असलेल्या जागी केवळ सोल्डरवर विसंबू नये, कारण सोल्डर जिथे संपते तिथे तार कडक होऊन तुटते.

ट्यूनरने दुरुस्त केलेली फाइल घरीच ईसीयूत भरायची असेल तर बॅटरीला स्थिर वीज देणारा चार्जर लावावा आणि तो इन्व्हर्टरवर चालवावा. भरणी सुरू असताना महावितरणची वीज गेली आणि व्होल्टेज कोसळले, तर ईसीयू अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकतो.

कायद्याची बाजूही माहीत असावी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेले भाग बसवून बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्हींची तरतूद आहे. विमा कंपनीला न कळवलेल्या बदलांमुळे, विशेषतः वायरिंगमधून आग लागल्यास, दावा अडचणीत येऊ शकतो.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी आधी मोकळ्या रस्त्यावर सौम्यपणे चालवावी, मग एसी व दिवे चालू ठेवून लळिंग घाटासारख्या चढावर वेगमर्यादेत राहून न्यावी आणि शेजारी बसलेल्याने स्कॅनरवर बॅटरी व्होल्टेज, इंधनदाब, मॅप आणि मिसफायरची मोजणी नोंदवून घ्यावी. बिघाड परतला तर ही नोंद, अर्थच्या तिन्ही मोजमापांचे आकडे, फ्रीझ फ्रेम आणि पंपाच्या कपलरवरील व्होल्टेज एवढे एकत्र करून ट्यूनरला पाठवावे आणि हे आकडे पाहून त्याने कारण सांगेपर्यंत कोणताही नवा भाग मागवू नये.